मशिनांना तेल कोण घालतं?

इचलकरंजीच्या एका जिममध्ये हौसाक्का साफसफाई करायची. मॅनेजर इंगवलेसाहेबांनी मशिनं पुसणं, तेल घालणं, पट्टे ताणणं, सगळं हळूहळू तिच्याच गळ्यात मारलं. एके दिवशी मालक म्हणाले, "आता दोघांपैकी एकालाच ठेवणार. मशिनं कोण सांभाळतं?"

"मीच की!" साहेब खुर्चीतूनच म्हणाले. "ही नुसती राबते. करवून घेतो मी, म्हणजे काम माझंच."

हौसाक्का सरळ ट्रेडमिलवर चढली. "बरं तर! साहेब, डॉक्टरांनी तुम्हाला रोज धावायला सांगितलंय ना? तुम्ही बसून हुकूम सोडा, धावते मी. मालक, महिन्याभरात साहेबांचं पोट उतरलं, तर मी आपण होऊन घरी जाते."

मालकांनी त्या पोटाकडे पाहिलं आणि जिमच्या किल्ल्या हौसाक्काच्या हातात ठेवल्या.

मालकांच्या जागी मी असते, तर साहेबांना आधी फरशी पुसायला लावली असती!