वाळूत शिरलेला खेकडा

भांडीकुंडीही बोलायची, त्या काळातली गोष्ट. सुरंगीने काचेच्या पेटीत शंखात राहणारा खेकडा पाळला होता. एकदा तो वाळूत शिरला, तो आठ दिवस बाहेरच येईना. मेला की काय, म्हणून रडवेली सुरंगी चमच्याने वाळू उकरायला लागली.

"हात आवर गं पोरी!" पेटीतली करवंटी ओरडली. "कात टाकतोय तो. अंग लोण्यासारखं मऊ झालंय त्याचं. धक्का लागला तर खरंच मरेल."

"मग मी काय करू?"

"वाळू ओली ठेव, आणि धीर धर."

सुरंगी रोज खारं पाणी शिंपडत राहिली. महिन्याने वाळू हलली आणि खेकडा बाहेर आला, चांगला थोराड होऊन.

"एकटं नाही वाटलं रे?" तिने विचारलं.

"छे! रोज वरून थेंब झिरपायचे ना," खेकडा म्हणाला. "कळायचं, कुणीतरी वाट बघतंय."