आप्पांनी गिळलेलं वाक्य

एका पेठेच्या गावात महालिंगआप्पा नावाचे मसालेवाले होते. दुकान त्यांच्या आजोबांपासूनचं. आप्पांचा खाक्या असा, की चौकशी केल्याशिवाय मसाला कुटायचा नाही. घरात लहान पोरं आहेत का, पित्त कुणाला, भाकरी खाता की भात? लोक वैतागायचे, पण पुन्हा तिथंच यायचे.

नात अक्षता शिकून आली आणि म्हणाली, "आज्जा, मोबाइलवर ऑर्डरी घेऊया. लांबच्या लोकांनाही आपला मसाला मिळंल."

आप्पांनी नाक मुरडलं. तरी म्हणाले, "दिवाळीपर्यंत करून बघ. न्हाई जमलं तर बंद."

ऑर्डरी धो धो आल्या. अक्षतानं सगळ्यांना एकाच चवीचा मसाला धाडला. मग काय, कुणाच्या पोराचं तोंड पोळलं, कुणाच्या सासूचं पित्त उसळलं. पाकिटं परत येऊ लागली.

अक्षताचा काका शिवराज भर दुकानात म्हणाला, "आप्पा, घालवलं पोरीनं घराण्याचं नाव. आजच बंद करा हे खूळ."

सगळे आप्पांकडे बघू लागले. खरं सांगायचं तर आप्पांना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. 'बघा, मी म्हणत नव्हतो?' एवढं म्हटलं असतं की पोरीचा खेळ खलास. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांचं लक्ष अक्षताकडे गेलं. ती रडत नव्हती. परत आलेलं एकेक पाकीट उघडून चव घेत होती, चुकलं कुठं ते शोधत होती.

आप्पांनी ते वाक्य गिळलं. म्हातारपणी असं वाक्य गिळणं तिखटाचा बकाणा गिळण्याहून अवघड. पण त्यांनी गिळलं.

"शिवराज, चूक तिची न्हाई. जन्मभर मी गिऱ्हाइकाला काय इचारतो, ते हिला शिकवलं कुणी?" असं म्हणून ते खुर्ची ओढून नातीशेजारी बसले. "घे पोरी, ऑर्डरीच्या आधी हे समदं इचारायचं. आणि ह्या मोबाइलात बोट कुठं लावायचं, ते मला दाखव."

दिवाळीच्या तोंडावर नागपूरच्या एका बाईंचा निरोप आला, 'इतकी विचारपूस माझ्या माहेरीसुद्धा कुणी करत नाही.' आप्पांनी चष्मा लावून तो स्वतः वाचला.

शेजारचा दुकानदार म्हणाला, "आप्पा, तुमचं गिऱ्हाईक पार नागपुरात!"

"माझं न्हवं," आप्पा म्हणाले, "आमच्या अक्षताचं."

तात्पर्य: धाकट्यांची चूक दाखवून देण्याऐवजी जो थोरला त्यांच्या शेजारी बसून आपली विद्या देतो आणि त्यांची घेतो, त्याचा धंदा पुढच्या पिढीतही टिकतो.