सत्तर पावलांची मोकळी जागा

डोंगरापलीकडच्या एका जंगलात एक कासव राहत असे, आणि त्याला कुणालाही ‘नाही’ म्हणता येत नसे. ओढ्याकाठच्या सपाट माळावर कुणी कुठे राहायचे, हे ठरवण्याचे काम सगळ्यांनी त्याच्याकडेच सोपवले होते. आता बघा, मुलांनो, काय झाले असेल! साळिंदराने बीळ मागितले, त्याला माळाच्या मधोमध मिळाले. वाळवीने थोडे बाजूला वारूळ उभारले. टिटवीने उघड्यावर अंडी घातली. हरणे आणि ससे तर मन मानेल तिथे बसत. प्रत्येकाची सोय लावली की कासव उरलेली जागा पावलांनी मोजी आणि स्वतःवरच खूश होई.

एकदा झाडावरून कावळा म्हणाला, ‘‘कासवदादा, उन्हाळ्यात हत्तींचा कळप येईल. हत्तीण विते तेव्हा तिच्या बहिणी तिच्याभोवती अंगाला अंग लावून उभ्या राहतात. त्यांच्यासाठी एक सलग तुकडा राखून ठेवा.’’

‘‘एका दिवसासाठी वर्षभर जागा ओस ठेवू? सगळे मला वेड्यात काढतील!’’ कासव हसले. ‘‘आणि त्यांना लागतात चाळीस पावलं. माझ्याकडे सत्तर मोकळी आहेत की!’’

उन्हाळ्यात कळप आला. त्यातल्या एका हत्तिणीचे दिवस भरले होते, तिला आता पुढे चालवत नव्हते. कासवाने लगबगीने जागा दाखवली. जांभळीखाली पंधरा पावले, खडकामागे वीस आणि ओढ्याच्या वळणावर पस्तीस. हत्तीण बघतच राहिली. ‘‘अहो दादा, मी जांभळीखाली आणि माझ्या बहिणी खडकामागे, असं कसं चालेल?’’

कासवाने माळावर हाक दिली. हरणे आणि ससे लगेच उठले. पण टिटवीची अंडी कशी उठणार? बिळात साळिंदराची पिल्ले होती, त्यांच्यावर पाय द्यायला हत्तिणी धजेनात. शेवटी ती हत्तीण ओढ्याच्या वळणावरच व्याली. दोन बहिणींना तिथे उभे राहता आले नाही आणि तिच्याभोवतीचे कडे अपुरे राहिले. त्या फटीतून रानकुत्रा आत शिरला. पिल्लू वाचले, पण त्याची शेपटी गेली. हत्तीण कासवाला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरे वाटले असते.

पावसाळा सरला, टिटवीची पिल्ले उडाली, तेव्हा कासवाने साळिंदराला समजावून चढावर नवे बीळ काढून दिले. वारूळ हलणारे नव्हते, म्हणून त्याच्या पलीकडे चाळीस पावले सलग आखली. मुंगूस बिळासाठी जागा मागायला आले.

‘‘इथे नाही,’’ कासव म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच.

‘‘मग ही हरणं कशी बसलीत?’’ मुंगूस फणफणले.

‘‘ती एका हाकेत उठतात. तू बीळ पाठीवर घेऊन उठशील का?’’

मुंगसाने महिनाभर कासवाला नावे ठेवली. कासवाने ऐकून घेतले.

पुढच्या उन्हाळ्यात कळप आला, तेव्हा त्या हत्तिणीच्या धाकट्या बहिणीचे दिवस भरले होते. कासवाने हाक दिली आणि हरणे उठून चढावर गेली. हत्तिणी गोल उभ्या राहिल्या, वारासुद्धा शिरणार नाही अशा. रानकुत्रे दोनदा फिरून निघून गेले. सकाळी आतून पिल्लू बाहेर आले, धडपडत, पण धडधाकट.

बिनशेपटीच्या पिल्लाची आई त्या जागेभोवती एक फेरी मारून आली. मग हळूच म्हणाली, ‘‘एवढीच तर हवी होती हो मला.’’

कासवाने मान आत ओढून घेतली.

तात्पर्य : तुकड्यांची बेरीज करून सलग जागा होत नाही. ज्याला ती लागणार, त्याच्यासाठी ती आधीच राखावी, आणि तोवर वापरायला द्यायची झालीच तर हाकेसरशी उठणाऱ्यालाच द्यावी.