घाटाचं तेल

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूबद्दल मनातल्या मनात शंका घेतली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती बोलून दाखवली नाही. ही गोष्ट आमच्या आळीत घडली. गुरू म्हणजे गाड्या दुरुस्त करणारे यासीन उस्ताद आणि शिष्य म्हणजे नवनाथ. आमची खिडकी त्यांच्या गॅरेजवरच उघडते, तेव्हा मुद्दाम कान दिला नाही तरी सगळं ऐकू येतं. आणि खरं सांगायचं तर मी कान दिलाही होता.

आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी. इथे जीप चालवणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. चढाला लागण्यापूर्वी इंजिनात जाडसर तेल घालून घ्यायचं. त्याला सगळे 'घाटाचं तेल' म्हणतात. तेल जितकं दाट तितकी गाडी दणकट, ही इथली श्रद्धा. नवनाथ याच श्रद्धेत लहानाचा मोठा झाला होता. हात गुणी, स्वभाव मायाळू, आणि गाडीवर जीव असा की बॉनेट उघडताना आधी तिच्यावरून हात फिरवील.

हळदीचे व्यापारी महालिंग शेटे यांनी नवी मोटार घेतली, टर्बोवाली, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा चिमुकला पंखा असलेली. नवनाथने मोठ्या प्रेमाने तिलाही घाटाचं तेल पाजायला सुरुवात केली. थंडी पडली तशी ती गाडी सकाळी सुरू होताना बारीक किंकाळी फोडू लागली. चढावर दम लागल्यासारखी मागे राहू लागली. शेटे म्हणाले, तेल कमी पडतंय तिला, आणखी जाड घाल. नवनाथलाही ते पटलं. उस्ताद तेव्हा लेकीकडे मिरजेला गेले होते. त्याने दुकानातला सर्वांत दाट तेलाचा डबा निवडून आणला आणि गाडीत रिकामा केला.

घाई होती तीही तशीच. शेट्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी घाटापलीकडच्या शहरात ठरलं होतं. म्हातारीचा एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्याची तारीख फार खटपटीनं मिळाली होती आणि ती चुकली तर पुढची केव्हा मिळेल याचा भरवसा नव्हता. एसटीत त्यांना उलट्या होत, आणि परक्याच्या गाडीत बसायला त्या तयार नव्हत्या. म्हणजे सगळी भिस्त त्या एका मोटारीवर.

संध्याकाळी उस्ताद परतले. शेटे आईला घेऊन गाडी न्यायला आले होते. गाडी सुरू झाली, ती किंकाळी ऐकू आली, आणि उस्तादांनी हात वर करून ती बंद करायला लावली. कोणतं तेल घातलंस, एवढंच विचारलं. नवनाथने अभिमानाने डबा दाखवला. उस्तादांनी गाडीखाली घमेलं सरकवलं, खालचा नट सोडला, आणि ते कोरं करकरीत तेल घमेल्यात वाहू लागलं.

नवनाथचा चेहरा पडला. नवं तेल टाकून देणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता, आणि तोही आपला उस्ताद. पण पुढचं अधिक विचित्र. उस्तादांनी ते तेल टाकलं नाही. गाळून घेऊन आपल्या जुन्या, धूर ओकणाऱ्या जीपमध्ये ओतलं. मग मोटारीचा फिल्टर बदलला आणि नवनाथला दुसरं तेल आणायला धाडलं. तो डबा उघडला तर आतलं तेल पाण्यासारखं पातळ.

आता शेट्यांचा धीर सुटला. असलं पाणी घालून आईला घाटात नेऊ का, असं त्यांनी चढ्या आवाजात विचारलं. वयाबरोबर माणसाचा अंदाजही जातो, असंही पुटपुटले. नवनाथ मान खाली घालून उभा होता. त्याच्याही मनात तेच होतं, फक्त ओठांवर येत नव्हतं.

उस्तादांनी टर्बोकडे जाणारी हवेची नळी काढली, आत बोटं घातली आणि चिमुकल्या पंख्याची दांडी हलवून पाहिली. आजूबाजूला, पुढेमागे. बराच वेळ. नवनाथला एकाएकी कळलं की ते काय तपासताहेत. ही दांडी खिळखिळी झाली असेल तर ती आपण केली.

उस्तादांनी बोटं बाहेर काढून पुसली.

"वाचलाय टर्बो. अजून घट्ट आहे."

नवनाथने इतका मोठा श्वास सोडला की तो माझ्या खिडकीपर्यंत आला.

मग उस्ताद स्टुलावर बसले.

"नवनाथ, तू तेल वाईट घातलं नाहीस. माया करूनच घातलंस. पण माया करताना समोर कोण आहे ते पाहिलं नाहीस. आपली जीप म्हातारी झाली, तिच्या इंजिनात फटी पडल्यात, तिला जाड तेलच धरून ठेवतं. ह्या गाडीच्या टर्बोतली दांडी घरातल्या पंख्यापेक्षा शेकडो पट वेगानं फिरते. आणि तिला आधार कशाचा, तर तेलाच्या एका पापुद्र्याचा. थंडीत जाड तेल त्या बारीक वाटेनं पोहोचेपर्यंत दांडी कोरडी फिरते. गाडी ओरडून तेच सांगत होती. तुम्ही दोघांनी ते ऐकलंत, आणि जे दुखत होतं तेच औषध म्हणून वाढवलंत. तिला कोणतं तेल चालतं ते इंजिनात तेल घालायच्या तोंडाच्या झाकणावरच छापलंय. हे सिंथेटिक आहे, कारखान्यात मुद्दाम बनवलेलं. दिसायला पातळ, पण टर्बोच्या आचेला टिकतं."

मग ते शेट्यांकडे वळले.

"शेठ, हळदीचं पोतं शिवायला तुम्ही सुतळी वापरता. मजबूत असते. म्हणून उद्या आईच्या डोळ्याला टाका घालायची वेळ आली, तर डॉक्टरच्या हाती सुतळी द्याल का?"

मागच्या सीटवरून म्हातारी खुदकन हसली. "ऐकलंस ना महालिंगा? आता घरी चल, पहाटे निघायचंय. आणि त्यांना उगीच बोललास, ते मागं घे." शेट्यांनी ते मागं घेतलं.

निघताना उस्तादांनी एकच सूचना केली. घाट चढून गेल्यावर गाडी लगेच बंद करू नका, जरा जागच्या जागी चालू ठेवा, म्हणजे तापलेली दांडी तेलात निवते. म्हातारी म्हणाली, म्हणजे धाप लागलेल्या माणसानं लगेच आडवं होऊ नये, तसंच की. उस्ताद म्हणाले, अगदी तसंच.

पहाटे गारठ्यात नवनाथ शेट्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. किल्ली फिरली. किंकाळी आली नाही. इंजिन झोपेतून हलकेच जागं व्हावं तसं सुरू झालं आणि गाडी वळणाआड गेली. तरी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळभर हातातला पाना हातातच राहिला, न्याहारी तशीच झाकलेली.

दुपारी शेट्यांचा फोन आला. गाडी घाट सहज चढली होती. वर पोहोचल्यावर आईने स्वतःचं समाधान होईपर्यंत इंजिन बंद करू दिलं नव्हतं. ऑपरेशन वेळेवर झालं होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते की डोळा चांगला होईल.

नवनाथ फोन ठेवून उस्तादांसमोर येऊन बसला.

"उस्ताद, काल मला वाटलं तुमचं वय झालं."

"झालंच आहे," उस्ताद म्हणाले. "म्हणून तर हल्ली खात्री असली तरी आधी पाहून घेतो. तुझ्या वयात मीही सगळ्या गाड्यांना एकच तेल पाजत होतो."

"मग काल रागावला का नाहीत?"

"गाडी वाचली होती. मग रागावून काय करायचं होतं?"

नवनाथने सकाळपासून झाकून ठेवलेली भाकरी उघडली, अर्धी मोडून उस्तादांपुढे ठेवली. दोघेही जेवले.

आपण ज्याच्यावर जीव लावतो, त्याला काय मानवतं हे त्याच्याकडूनच जाणून घ्यावं. आपल्याला काय भारी वाटतं त्यावरून ठरवू नये.