दिसत नाही ते सांग

“...मग भिंतीवर हात सोडून गाडी चालवणाऱ्याची बाजारात परीक्षा कशाला, उस्ताद? हातच्या काकणाला आरसा कशाला?”

सिद्राम बाबालाल उस्तादांना म्हणाला. सिद्रामच्या मोटारसायकलचा आरसा त्याच्याच मिशांकडे वळवलेला होता. तो त्यांनी रस्त्याकडे फिरवला आणि हेल्मेट डोक्यात घातलं. दुसरं सिद्रामच्या हातात दिलं.

सिद्रामला हसू आलं. जत्रेतल्या मौत का कुआमध्ये, लाकडी फळ्यांच्या त्या उभ्या गोल भिंतीवर, उस्ताद तीस वर्षं उघड्या डोक्यानं फिरले होते. आता भाजीबाजारात जायला हेल्मेट.

पण इलाज नव्हता. त्यांच्या कंपनीची रीत होती की, उस्ताद ज्याच्या मागं बसून एकदा फिरून आले नाहीत, त्यानं रस्त्यावर कुणालाच मागं बसवायचं नाही. आणि उद्या महादेवीच्या भावाचा साखरपुडा होता. लग्नाला चार महिने झाले तरी ती नवऱ्याच्या गाडीवर बसली नव्हती. उद्या माहेरच्या दारात गाडीवरूनच उतरायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

उस्ताद मागं बसले.

“मी डोळे मिटतो. दिसंल ते सांगत चल.”

गाडी सुटली. सोमवारचा बाजार, त्यात जत्रा. सिद्राम रंगात आला होता.

“डावीकडं रिक्षा... गेली मागं. समोर दोन ट्रॅक्टर... मधनं काढली. पुढं बस उभी हाय. उजवीकडनं वाट मोकळी...”

बसच्या पुढून एक म्हातारी निघाली. डोक्यावर टोमॅटोची पाटी.

गाडी गरजली, तिच्या पुढून वीतभर अंतरानं निसटली आणि चहाच्या गाड्यापाशी जाऊन थांबली. तिथल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

“बघितलं का, उस्ताद? पदराला वारासुद्धा लागला न्हाई.”

मागं कुणी नव्हतं. उस्ताद उतरून म्हातारीजवळ गेले होते. पाटी रस्त्यात पडली होती. ते वाकून टोमॅटो गोळा करत होते.

सिद्रामही गेला. म्हातारी खाली बसली होती. तिनं त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

“ती दिसली तवा,” उस्तादांनी हळूच विचारलं, “ॲक्सिलेटरची मूठ कुणीकडं पिळलीस?”

सिद्रामनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं...

भिंतीवर ब्रेक म्हणजे मरण. वेग उतरला की माणूस खाली. म्हणून धोका दिसला की मूठ आणखी पिळायची, हे त्या हाताला सहा वर्षं शिकवलं होतं. हात शिकला होता. मालकाला न विचारता शिकला होता.

“उघडली,” तो म्हणाला. “उस्ताद, मी वेग वाढवला.”

उद्या मागं महादेवी असती.

उस्तादांनी पाटी भरली, म्हातारीला हात धरून रस्त्यापलीकडे नेलं आणि चहा पाजला. मग परत येऊन गाडीवर बसले आणि पुन्हा डोळे मिटले.

“चल. आता दिसत न्हाई ते सांग.”

“दिसत न्हाई ते कसं सांगू?”

उस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

सिद्रामनं गाडी हळू सोडली. पुढं आणखी एक बस उभी होती.

“बसच्या पुढं कुणीतरी हाय,” तो एकदम म्हणाला. ब्रेक लागला. बसच्या पुढं कुणीच नव्हतं.

“गल्लीतनं सायकल येणार.” आली नाही.

“त्या जीपचं दार उघडणार...” त्यानं हातभर जागा सोडली, वेग उतरवला. आणि दार खरंच उघडलं. आतून एक बाई लेकराला घेऊन सावकाश उतरली. तिनं वर पाहिलंही नाही.

आता सिद्राम थांबेचना. “ट्रकच्या आडून म्हैस... रिक्षा हात न दाखवता वळणार... वळणावर वाळू सांडलेली असणार...” काही खरं निघालं, बरंचसं निघालं नाही. हात सोडून भिंत चढतानाही त्याला कधी एवढा आनंद झाला नव्हता. अख्खा बाजार नवा झाला होता, आणि त्यातून तो बैलगाडीच्या चालीनं चालला होता.

जत्रेच्या मैदानात गाडी थांबली. सिद्राम घामानं भिजला होता. त्याला हसू येत होतं आणि रडूही.

“जमलं का, उस्ताद?”

“शिट्ट्या वाजल्या?”

“न्हाई.”

“टाळ्या?”

“कुणी मान वळवूनसुद्धा बघितलं न्हाई.”

उस्ताद खाली उतरले. आपलं हेल्मेट काढून त्यांनी त्याच्या हातात दिलं.

“हे महादेवीला दे.”