अडकलेला सलाम

"...पण सगळ्यात मोठा जिहाद कोणता, ते तरी सांगा, बाबा."

इद्रीस परकारला उत्तर पाठ होतं. तरी त्यानं विचारलं. काही माणसांना शाबासकी हवी असते, आणि ती प्रश्नाच्या आडून मागायची सवय असते.

मखदूमबाबा हे खाडीकाठच्या त्या मशिदीचे म्हातारे इमाम. हौदाच्या काठावर बसून ते बाह्या सारत होते.

"तूच सांग," ते म्हणाले.

"स्वतःच्या नफ्सशी केलेला. आपल्याच हट्टाशी, हावेशी."

"मग? चाललीय का लढाई?"

इद्रीसनं सगळा पाढा वाचला. कुवेतची नोकरी सोडून आल्यापासून मध्यरात्रीची तहज्जुदची नमाज एकदाही चुकली नव्हती. सोमवार-गुरुवार रोजे. तंबाखू सुटली, गोडधोड बंद. आता डोंगरावरच्या जुन्या दर्ग्याशेजारी एकांतात बसायचं, तेवढी बाबांनी इजाजत द्यावी. ती मिळाली की आपण बाबांचे खरे शागीर्द, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. त्या एका शब्दासाठी बिचाऱ्याचा जीव तुटत होता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"जमातीत नमाजेला कुठं उभा राहतोस?"

"पहिल्या रांगेत. उजव्या टोकाला."

"उजवीकडे कोण असतं?"

"...भिंत."

"नमाज संपताना पहिला सलाम उजवीकडे. भिंतीला करतोस?"

"फरिश्ते असतात, बाबा."

"असतात. माणसंही असायला हरकत नाही."

 बाबांनी कुठं बोट ठेवलंय ते इद्रीसला बरोबर कळलं होतं.

गोष्ट त्याच्या धाकट्या भावाची, शम्सूची. वडील गेले तेव्हा इद्रीस कुवेतला. निरोप मिळाला, पण विमान रखडलं. तो घरी पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. शम्सूनं त्याच्यासाठी मय्यत थांबवली नव्हती. अब्बांचं शेवटचं तोंड दिसलं नाही, मूठभर माती टाकता आली नाही. मय्यत लांबवू नये, हे काय इद्रीसला ठाऊक नव्हतं? दुसऱ्याच्या घरी असतं तर त्यानंच चारचौघांना दटावून जनाजा उचलायला लावला असता. पण ते दुसऱ्याच्या घरी. त्या दिवसापासून शम्सूशी बोलणं तुटलं. मशिदीत हे महाशय भिंत गाठत, आणि डावीकडचा सलाम डोळे मिटून उरकत.

"इजाजत दिली," बाबा म्हणाले. "फक्त आज दुपार कलताना अस्रच्या नमाजेला शम्सूच्या डाव्या हाताला उभा राहा. मग खुशाल जा डोंगरावर."

"त्यापेक्षा रात्रभर उभा राहायला सांगा, बाबा."

"ते तुला जमतं."

...

अजान झाली. रांगा लागल्या. नमाज सुरू करण्याआधी मागं वळून रांगा बघायच्या, ही बाबांची रीत. आजही ते वळले.

"खांद्याला खांदा लावा. मधे जागा नको."

शम्सू सरकला. अब्बांसारखाच हाडकुळा खांदा इद्रीसच्या खांद्याला टेकला.

रुकू झाला, सजदे झाले. शेवटी सगळे बसले. बाबांनी सलाम फिरवला, मागोमाग लोकांनी फिरवला. दुआ झाली. माणसं उठू लागली.

इद्रीस तसाच बसलेला. नमाजेत उचललेलं बोट तसंच वर, नजर मांडीवर.

मान वळेना. तुझ्यावर शांती असो, असं उजवीकडे तोंड करून म्हणायचं, आणि उजवीकडे शम्सू. मनात नसताना म्हणावं तर ते खोटं, आणि म्हटल्याशिवाय नमाज संपत नाही. अशी पंचाईत त्याच्यावर जन्मात आली नव्हती.

लोक थबकून बघू लागले. बाबांनी नुसत्या हातानं त्यांना वाटेला लावलं.

शम्सू मात्र उठला नाही. त्याची नमाज केव्हाच झाली होती. तरी तो भावाशेजारी बसून राहिला.

इद्रीसला आधी राग आला. मग स्वतःचीच लाज वाटली. मग अब्बा आठवले, आणि डोळे वाहायला लागले. बऱ्याच वेळानं त्यानं मान वळवली.

"अस्सलामु अलैकुम व रहमतुल्ला."

डावीकडचाही सलाम झाला, आणि तो पुन्हा शम्सूकडे वळला.

"वालेकुम सलाम, भाई," शम्सू म्हणाला. "उन्हाळा होता, भाई. अब्बांना ठेवता येईना..."

"माहीत आहे," इद्रीस म्हणाला. "माहीतच होतं रे."

दोघं किती तरी वेळ तिथंच बसले होते.

पुढं इद्रीस दारापाशी आला तेव्हा बाबा चपला शोधत होते. डोंगराचा विषय त्याला आता काढावासाच वाटेना. छाती हलकी झाली होती. पण जित्याची खोड, एक विचारल्यावाचून राहवलं नाही.

"बाबा... जिंकलो ना मी?"

बाबांना चपला सापडल्या. त्यांनी पाय घातले.

"अस्र झाली," ते म्हणाले. "संध्याकाळी मगरिबलाही तिथंच उभा राहा."