रानडुकराची अंजिराची बाग

जनावरांचंही सरकार होतं, तेव्हाची गोष्ट. हत्तीराजाने दवंडी पिटवली, "जो फळबाग लावील, त्याच्या दारी ओढ्याचा पाट फुकट येईल."

मुसंड्या रानडुकराला बागेचं काय? त्याला लोळायला चिखल हवा होता. त्याने अंजिराच्या फांद्या मोडून आणल्या आणि जमिनीत रांगेने खोचल्या. पाहणीला आलेली टिटवी वरूनच ओरडली, "वा, बाग झकास!" पाट सुटला. मुसंड्या वर्षभर चिखलात लोळला. फांद्या वाळून काटक्या झाल्या.

पुन्हा पाहणीचा दिवस आला. मुसंड्या जुन्या काठ्या उपटून ताज्या फांद्या खोचायला लागला. काठ्या पटापट निघाल्या, पण चिखलाच्या कडेची एक काही केल्या निघेना. चिडून त्याने खाली पाहिलं, तर बुडाशी कोवळं पान! काठीला मुळं फुटली होती.

मूळ दिसलं की उकरून खायचं, ही डुकराची जात. मुसंड्याच्या तोंडाला पाणी सुटलं. तरी त्याने तोंड मागे घेतलं, आणि ताज्या फांद्यांचं त्या काठीभोवती कुंपण केलं.

टिटवी आली. "अरे, बाग कुठे गेली?"

"बाग नव्हतीच, टिटवीबाई. नुसत्या काठ्या होत्या. झाड हे एवढंच."

टिटवी पहिल्यांदाच खाली उतरली. तिने पान निरखलं. पाट तिने बंद केला नाही. एका झाडापुरता बारीक केला.

त्या उन्हाळ्यात मुसंड्याला चिखल मिळाला नाही. तो अंजिराच्या वीतभर सावलीत नाक खुपसून झोपायचा, आणि कुणी मुळाशी उकरायला आलं की गुरगुरायचा.